ब्रेकच्या पाइपाला फिक्स पाना नको

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत. मुंबईपासून मालेगावपर्यंत रस्त्याकडेच्या गॅरेजांत नुसता इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणारे उस्ताद आजही सापडतात. त्यांच्या हुन्नराबद्दल आम्हांस आदर आहे. म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. ब्रेकच्या पाइपाचे काम निघाले की हाताशी असेल तो फिक्स पाना लावायचा, तो घसरला की ग्रिप पक्कड चढवायची, आणि नट गोल झाला की गिऱ्हाइकाला ‘पाइपच खराब होता, बदलावा लागेल’ असे सांगायचे, ही पद्धत आता सोडली पाहिजे.

ब्रेकच्या पाइपाचा नट इतर नटांसारखा नसतो. तो आकाराने लहान, मऊ लोखंडाचा आणि मधून पोकळ असतो, कारण त्याच्या पोटातून पाइप गेलेला असतो. चाकाजवळचा नट तर चिखल-पाणी खात बसतो. कोकणपट्टीत आणि मुंबईत खारी हवा व चार महिन्यांचा पाऊस मिळून त्याला पाच-सात वर्षांत असा गंज चढतो की तो जागचा हलत नाही. अशा नटाला फिक्स पाना केवळ दोन बाजूंनी धरतो. जोर लावला की पान्याचा जबडा किंचित फाकतो आणि नटाचे कोपरे झिजतात. पूर्ण रिंग पाना लावावा, तर मध्ये पाइप येतो. यासाठीच फ्लेअर नट पाना निघाला. रिंग पान्यालाच एका बाजूने खाच ठेवलेली असते. ती पाइपावरून सरकवायची आणि पाना नटावर बसवायचा. दोनऐवजी पाच बाजूंनी पकड मिळते.

पाना घेताना काय पाहावे? पहिली गोष्ट माप. मारुती, टोयोटा, होंडा अशा जपानी घडणीच्या गाड्यांत बहुधा 10 मिमीचा नट असतो. युरोपीय घडणीच्या गाड्यांत 11 मिमी सर्रास भेटतो. म्हणजे 10-11 चा एक पाना व 12-13 चा एक, एवढ्यावर साध्या गॅरेजचे बहुतेक काम भागते. दहा-बारा पान्यांचा मखमली खोक्यातला संच घेऊन त्यातले आठ पाने गंजत ठेवण्यात काही शहाणपण नाही. मात्र जुनी अ‍ॅम्बेसेडर किंवा जुनी जीप हाती आली तर इंची मापे लागतात. 3/8 इंच म्हणजे सुमारे 9.5 मिमी. त्यावर 10 चा पाना चढवला तर अर्धा मिलिमीटर ढिला बसतो, आणि एवढी ढिलाई गंजलेला नट गोल करायला पुरेशी होते. अशा गाड्यांचे काम नेहमी येत असेल तर 3/8 व 7/16 चा इंची पाना वेगळा घ्यावा.

दुसरी गोष्ट पान्याचा जाडपणा. खाच पडल्यावर रिंगची ताकद कमी होते, म्हणून चांगल्या पान्याचे तोंड जाड ठेवलेले असते. स्वस्त पाना दिसायला तसाच असतो, पण जोर लावताच खाच फाकते आणि त्याचा पुन्हा फिक्स पाना होऊन बसतो. क्रोम व्हॅनेडियम पोलादाचा घडीव पाना घ्यावा. दुकानात जाताना खिशात जुना नट ठेवावा, पान्यात बसवून हलवून पाहावा, डुगडुगला तर परत द्यावा. आतून सहा कोनांचा पाना आम्ही पसंत करतो. बारा कोनांचा अडचणीच्या जागी लवकर बसतो खरा, पण झिजलेल्या नटावर त्याचा भरवसा नाही.

काही मेस्त्री जुना रिंग पाना ग्राइंडरवर कापून काम चालवतात. कारागिराच्या अंगी जुगाड असावाच. पण साध्या रिंगचे तोंड पातळ असते आणि कापताना ते निळे पडले की पोलादाची कडकी गेलीच म्हणून समजा. नव्या गाडीचा सैल नट त्याने निघेल. दहा वर्षांच्या गाडीचा गंजलेला नट निघेलच असे नाही.

‘आमच्या उस्तादांनी आयुष्यभर फिक्स पान्याने ब्रेक केले’ हेही ऐकू येते. केले असतील. त्यांचा हात तसा तयार होता. पण गॅरेजात नट खोलायला बसतो तो सहा महिन्यांपूर्वी आलेला पोरगा, उस्ताद नव्हे. शिवाय गाड्याही बदलल्या. 2019 पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. त्या यंत्राच्या ठोकळ्यावर दाटीवाटीने सहा-सहा पाइप येऊन बसतात आणि ठोकळा अ‍ॅल्युमिनियमचा असतो. तिथे नट गोल झाला किंवा आटे गेले तर नुकसान पाइपापुरते राहत नाही. पूर्ण ठोकळ्याची किंमत ऐकली की गिऱ्हाईक आणि गॅरेजवाला दोघांचे तोंड उतरते.

पाना योग्य असला तरी रीत हवी. रबरी होजवरून पाइप सोडवताना होजच्या नटाला दुसऱ्या पान्याने धरून ठेवावे, नाहीतर होज पिळला जातो. नटाबरोबर पाइपही फिरू लागला तर तिथेच थांबावे. थोडे पुढे, थोडे मागे असे करीत नट मोकळा करावा. गंज सुटण्यासाठी तेल मारले असेल तर ते पाइपाच्या तोंडात जाऊ देऊ नये, आणि ब्रेकचे भाग डिझेल-रॉकेलने मुळीच धुऊ नयेत. खनिज तेलाने सिलिंडरचे रबर फुगते व ब्रेक अडकतो. आवळताना जोर आवरता घ्यावा. लहान गाड्यांत हा नट साधारण 15 न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचा असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात पाहावा. वीतभराहून थोड्या आखूड पान्यावर, म्हणजे 15 सेंटिमीटरवर, दहा किलोचा जोर पडला की तेवढे होते. जास्त ताकद लावली तर पाइपाचे फुलवलेले तोंड चिरते आणि मग तिथून ऑइल झिरपू लागते.

हे झिरपणे किरकोळ समजू नये. करकचून ब्रेक दाबला की पाइपात सत्तर-ऐंशी बार, प्रसंगी त्याहून अधिक दाब तयार होतो. टायरातल्या हवेच्या तीस-चाळीस पट! गॅरेजच्या दारात पेडल घट्ट लागले म्हणून गाडी द्यायची नसते. हवा काढल्यावर एकाने पेडल जोराने दाबून धरावे, दुसऱ्याने प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने पुसून पाहावा. गाडी ही गिऱ्हाइकाची आपल्याकडची अमानत आहे, आणि ती घाटातून उतरताना आत त्याची मुलेबाळे असतात.

हार्डवेअरच्या व्यापारी बांधवांनाही दोन शब्द. दुकानात ‘फ्लेअर नट पाना’ मागितला तर अनेक ठिकाणी मुलगा फिक्स पाना काढून समोर ठेवतो, नाहीतर महागडा संच दाखवतो. हातहत्यारे बनवण्यात जालंधर-लुधियानाचे नाव आहे, आपल्या नाशिकला टपारियाचा कारखाना आहे. तेव्हा माल येत नाही असे म्हणता येणार नाही. 10-11 चे सुटे पाने दुकानाच्या दर्शनी भागात टांगून ठेवा. वीस गॅरेजवाल्यांपैकी पाच जण तरी हात लावून पाहतील, आणि ज्याने आदल्याच दिवशी एखादा नट गोल केला असेल तो भाव न करता घेऊन जाईल.