पाण्याचीं तीन मापें



उन्हाळ्यांत मुंबईचे नळ जरा मंदावले कीं शहरांतल्या शहाण्यांचें एक ठरलेलें गाऱ्हाणें सुरू होतें: खेड्यांतून लोंढे येतात, गर्दी वाढते, मग पाणी पुरावें कसें? जणूं कांहीं आमचे लोक मुंबईचें पाणी हंड्यांत भरून गांवीं पळवीत आहेत! तेव्हां कोणाचें पाणी कोण पितो, याचा हिशेब आम्ही आज चव्हाट्यावर मांडणार आहोंत.

मुंबईनें आधीं जवळचे विहार (1860) व तुळशी (1879) हे तलाव केले. ते पुरेनात म्हणून ती डोंगरांत शिरली. 1892 सालीं तानसा, 1957 सालीं मोडकसागर, पुढें अप्पर वैतरणा व भातसा, आणि 2014 सालीं मध्य वैतरणा. 1901 च्या शिरगणतींत आठ लाखांच्या आंत असलेलें हें शहर, हद्द वाढवीत वाढवीत, 2011 सालीं सव्वा कोटीला टेकलें. आज तें रोज सुमारें 385 कोटी लिटर पाणी घेतें. त्यांतलें बहुतेक पाणी शहापूर तालुका व त्याच्या आसपासच्या डोंगरांतलें. या धरणांखालीं जंगल बुडालें, भातखाचरें बुडालीं, पाडे उठले.

आणि शहापुरांत काय? पावसाळ्यांत येथें आभाळ फाटतें; होळी सरली कीं विहिरीचा तळ दिसूं लागतो. धरणाच्या कांठच्या पाड्यांवर टँकर येतो, तोहि येईल तेव्हां. ठाकूर, कातकरी, कोळी, कुणबी यांच्या लेकीसुना डोक्यावर हंडे घेऊन डोंगर चढतात, आणि पायथ्यानें माणूस उभा राहील एवढ्या तोंडाचे नळ मुंबईकडे पाणी नेत असतात. याहून मोठी गंमत ऐका: या धरणांच्या तालुक्याची तहान भागविण्यासाठीं सरकारला नाशिक जिल्ह्यांतल्या भावली धरणावरून पाणी आणण्याची योजना आंखावी लागली! घरची गाय शेजाऱ्याच्या गोठ्यांत, आणि पोरासाठीं दूध उसनें.

आतां मापें पहा. सरकारी हिशेबाप्रमाणें शहरांतल्या माणसाला दिवसाला 135 लिटर पाणी लागतें, महानगरांत 150. 2019 सालीं निघालेल्या जलजीवन योजनेंत मात्र खेड्यांतल्या माणसाला 55 लिटर पुरतें. खेडुताचें अंग लहान आहे काय? ज्याच्या दारीं गुरें, ज्याचा दिवस उन्हांत जातो, त्यालाच पाणी कमी; हें गणित कोणत्या शास्त्रांतलें? आणि हाच खेडूत मुंबईच्या झोपडपट्टींत गेला, तर महापालिकेनें त्याच्यासाठीं 45 लिटरचें तिसरें माप काढलें. अनधिकृत वस्तीला तर तेंहि नव्हतें. 15 डिसेंबर 2014 रोजीं हायकोर्टाला सांगावें लागलें कीं पाणी हा माणसाचा हक्क आहे, झोपडी बेकायदा म्हणून तो नाकारतां येत नाहीं. जन्म पाहून पंगत मांडण्याची ही जुनीच रीत. पोथीच्या जागीं परिपत्रक आलें एवढेंच.

बरें, लोंढे येतात ते कां? भाताचें एक पीक निघालें कीं दुसऱ्या पिकाला पाणी नाहीं. मग दिवाळीनंतर कातकऱ्यांचीं कुटुंबें चूल उचलून भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. शेताच्या वरच्या थरांतली माती घेऊन तीं विटा पाडतात व भाजतात. त्याच विटांचीं घरें शहरांत उभीं राहतात, आणि त्या घरांना पुन्हां पाणी हवें असतें. माती आमची, पाणी आमचें, हात आमचे. आणि गर्दीचा ठपकाहि आमच्यावरच!

शहापूर तालुक्याची वस्ती 2011 सालीं तीन लाखांवर होती. आज चार लाख धरा, आणि प्रत्येकास शहराइतकेच 135 लिटर द्या. रोज साडेपांच कोटी लिटरसुद्धां होत नाहींत. मुंबईच्या शंभर घागरींतली दीड घागर नव्हे. उलट त्या शंभरांतल्या पंचवीस घागरी तर शहरांत गळतींत व चोरींतच जातात. मोठ्या नव्या इमारतींनीं पावसाचें पाणी धरावें असा नियम 2002 पासून आहे. तो किती पाळला जातो, हें आषाढांत तुंबलेल्या रस्त्यांना विचारावें. वापरलेलें घाण पाणी मिठी नदींत व खाड्यांत सुटतें, आणि कोळ्याच्या जाळ्यांत मासळीऐवजीं प्लास्टिक येतें. हें सारें तसेंच ठेवून वाडा तालुक्यांत गारगाई नदीवर आणखी एक धरण आंखलें आहे. त्यांत तानसा अभयारण्यांतलें जंगल व आदिवासींचीं गांवें जाणार.

मुंबईची तहान आम्हांला परकी नाहीं. आमचींच पोरें तेथें नळाच्या रांगेंत उभीं आहेत. पण आहे त्या प्रत्येक धरणाच्या कांठच्या पाड्यावर त्याच धरणाचा नळ येईपर्यंत नव्या धरणाचा एक दगडहि बसतां कामा नये. येत्या 1 मेच्या ग्रामसभेंत तसा ठराव करा. अनुसूचित क्षेत्रांत जमीन घेण्यापूर्वीं ग्रामसभेचा विचार घेणें 1996 च्या पेसा कायद्यानें सरकारला भाग आहे. सभेंत बायांना पुढें बसवा, हंडा त्या वाहतात. विषय पत्रिकेवर नाहीं असें सांगून पंचायतीचा अधिकारी टाळूं पाहील, म्हणून लेखी अर्ज आधींच द्या आणि त्याची पोंच घ्या.