'ढ' म्हणणारांनो!
श्रीगोंद्याच्या वस्तीतल्या पोराला अक्षर लागलं नाही की मास्तर म्हणतो, 'जातीवर गेला.' बंगल्यातल्या पोराला लागलं नाही की 'डिस्लेक्सिया'! त्याच्यावर २००७ साली 'तारे जमीन पर' निघाला, अख्खा देश रडला. आमच्या पोराच्या हातात कोयता आला, तेव्हा कुणाच्या बापाचे डोळे ओले झाले?

१९९६ साली महाराष्ट्र सरकारने अशा पोरांना परीक्षेत सवलती दिल्या. २०१६ च्या कायद्याने अध्ययन अक्षमता २१ अपंगत्वांत बसवली. कागद झकास! पण दाखल्याचा अर्ज ऑनलाईन. म्हणजे वाचता येत नाही हे सिद्ध करायला आधी वाचायचं. वा रे न्याय!

शहाणे सांगतात, मोबाईल आता वाचून दाखवतो. दाखवू द्या. मी यंत्राचा वैरी नाही. गोदीत क्रेन आली, पाठीवरची गोणी उतरली, हे मी जाणतो. पण तिनं टोळीही मोडली. इथंही तेच. चिठ्ठी वाचायला शेजारचा यायचा, मांडीला मांडी लावून बसायचा. आता एका खोलीत आई, बाप, पोर तीन पडद्यांत तोंड घालून. पोर अडलं तरी कुणाला पत्ता नाही.

दोस्तांनो, 'शिका'च्या मागोमाग 'संघटित व्हा' आहे. यंत्र घ्या, पण पोराशेजारी माणूस बसवा. तपासणी तालुक्यात पाहिजे, मराठीत पाहिजे, फुकट पाहिजे. देत नसतील तर तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर शाळा भरवू. साहेबांनी मग आमच्या पोरांना ओलांडून आत जाऊन दाखवावं.

जयभीम!