धोंडीपाशी जाणारी श्रद्धा

राखेच्या बुधवारी कपाळावर राखेची खूण घेऊन अनेक ख्रिस्ती पंथांचा उपवासकाळ सुरू होतो आणि रविवार वगळून चाळीस दिवसांनी ईस्टरच्या उंबरठ्यावर येऊन थांबतो. या काळात दुःखाचा गौरव करण्याचा मोह अनेकांना होतो. दुःखाने माणूस शुद्ध होतो, देव आपल्या लाडक्यांचीच कसोटी पाहतो, अशी वाक्ये शोकाकुल घरांत सहज उच्चारली जातात. बोलणाऱ्याचे त्याने समाधान होते. ऐकणारा मात्र अधिकच एकाकी होतो.

शुभवर्तमानांतील येशूच्या दुःखसहनाच्या वृत्तांतांत असल्या सांत्वनाला थारा नाही. गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला टळावा म्हणून येशूने प्रार्थना केली. वधस्तंभावर, देवाने आपल्याला का टाकले, असा आक्रोश त्याने केला. त्या दिवशी त्याला उत्तर मिळाले नाही. पुनरुत्थानानंतरही त्याच्या देहावरील व्रण पुसले गेले नव्हते. संशयी थोमाला तेच दाखविण्यात आले. म्हणजे ईस्टरचा आनंद हा शुक्रवारच्या वेदनेचा इन्कार नव्हे.

मग श्रद्धा म्हणजे काय? मार्काच्या वृत्तांतात रविवारी पहाटे काही स्त्रिया सुगंधी द्रव्ये घेऊन कबरीकडे निघतात. विजयाची वार्ता त्यांना ठाऊक नाही. मृत देहाविषयीचे अखेरचे कर्तव्य तेवढे त्यांना करावयाचे आहे. कबरीच्या तोंडावरील प्रचंड धोंड कशी हलणार, याचेही उत्तर त्यांच्यापाशी नाही. तरीही त्या निघाल्या आहेत. ख्रिस्ती आशेचे हे पहिले पाऊल होय.

महाराष्ट्राला हे पाऊल अपरिचित नाही. पंडिता रमाबाईंनी ऐन तारुण्यात, १८७४ पासूनच्या अवघ्या काही काळात, दुष्काळाच्या उपासमारीत आई, वडील व थोरली बहीण गमावली. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तरी धर्मगुरूंशी मतभेद व्यक्त करण्यास त्या कचरल्या नाहीत. या मृत्यूंचा अर्थ सांगणारे तत्त्वज्ञान रचण्यात त्यांनी आयुष्य वेचले नाही. १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा स्वतः भोगलेली भूक आठवून त्या तिकडे धावल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन अशा शेकडो मुलींचे घर झाले. साध्या वाचकालाही कळावे म्हणून मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले.

जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती कन्या आणि कार्याची वारस मनोरमा निवर्तली. ही धोंड सर्वांत जड होती. तथापि भाषांतराचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचा देहान्त झाला. तो उपवासकाळच होता. ईस्टर अकरा दिवसांवर होता.

दुःखिताला दुःखाचे प्रयोजन समजावून देण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्याच्या दारी जावे, त्याच्या ताटात अन्न आहे की नाही ते पाहावे, त्याच्या मुलांच्या शाळेची चौकशी करावी, एवढे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे. उपवासातून वाचलेला घास त्याच्यापर्यंत पोहोचला, तर त्या चाळीस दिवसांचे सार्थक झाले असे म्हणता येईल.