डोक्यातल्या भांडवलाची राखण

वांगणीसारख्या जव्हार-मोखाड्याच्या खेड्यातला दुकानदार असो की भिवंडी-मालेगावचा माग चालवणारा कारागीर, आपल्या धंद्याचे खरे भांडवल डोक्यात असते. कुणाची उधारी किती, कोणता माल कधी संपणार, सारे तोंडपाठ. गल्ल्याला आपण कुलूप लावतो. या भांडवलाकडे मात्र लक्ष नाही.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची १४ टाळता येण्याजोगी कारणे सांगितली. ती दूर झाली तर सुमारे ४५ टक्के रुग्णांत हा आजार टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. त्यांत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बैठी सवय तर आहेच. पण बहिरेपणही आहे. मागाच्या खडखडाटात कान गेले की आपण 'धंदाच तसा' म्हणून सोडून देतो. ऐकू येईना की माणूस बोलणे टाळतो, एकटा पडतो. मेंदूलाही काम उरत नाही.

म्हणून आमचे व्यापारी-कारागीर बांधवांना सांगणे आहे: सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाब व साखर तपासून घ्या. मागावर कान झाका, कमी ऐकू येत असेल तर लाज न धरता डॉक्टरांना दाखवा. विडी सोडा. जवळची वसुली पायी करा. तपासणीसाठी अर्धा दिवस दुकान बंद राहिले तर तो तोटा समजू नये.