मंत्रचळ

मराठीत 'मंत्रचळ' असा एक जुना शब्द आहे. आमच्या लहानपणी गिरगावात तो सर्रास कानावर पडायचा. कुणी सारखे हात धुतंय, कुणी कुलूप दहादा ओढून बघतंय, की वडीलधारे म्हणायचे, "त्याला मंत्रचळ लागलाय." म्हणायचे आणि हसायचे. हल्लीच्या मुलांच्या तोंडी त्याच गोष्टीचं इंग्रजी नाव असतं, ओसीडी. तेही हसतच. "मला ना, जरा ओसीडी आहे, पुस्तकं उंचीप्रमाणे लावल्याशिवाय चैनच पडत नाही!" शब्द बदलला, हसणं तेच राहिलं. ते थांबावं असं मला वाटतं. आणि त्याहीपेक्षा एक गोष्ट थांबावी असं वाटतं, ती पुढे सांगते.

आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक काकू राहायच्या. नळाला पहाटे पाणी यायचं, तेही तासभर. काकू त्याआधीच उठून बसलेल्या असत. आधी नळ घासायचा, मग हंडा, मग पुन्हा नळ. भरलेल्या हंड्याला कुणाचा पदर लागला असं नुसतं वाटलं, तरी सगळं पाणी ओतून द्यायचं. त्यावरून रोज भांडणं. काका परळच्या गिरणीत होते. पाळी संपवून आले की आधी गॅलरीत उभे. पायावर पाणी, कपडे दाराशी, आंघोळ, मगच घरात प्रवेश. मुलांचंही तेच. रात्री अंथरुणात पडल्यावर काकू विचारायच्या, "संडासातून आल्यावर कडीला हात नाही ना लावलास?" "नाही गं आई." पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. थंडीत त्यांच्या हातांना भेगा पडून रक्त यायचं. आणि चाळीतल्या बायका कौतुकाने म्हणायच्या, "काकूंचं सोवळं भारी कडक हो!"

ते सोवळं नव्हतं, हे मला फार वर्षांनी उमगलं. सोवळ्याला सुरुवात असते आणि शेवट असतो. आंघोळ झाली, धाबळी नेसली, नैवेद्य दाखवला, पानं वाढली, की सोवळं सुटलं. मग बाई निवांत पाटावर टेकते. काकूंना मी कधी टेकलेल्या पाहिलं नाही. २०२० साली करोनात आपण सगळ्यांनीच हात धुतले. निदान वीस सेकंद धुवा असं सांगितलं होतं. आपण तेवढे धुतले, नळ बंद केला आणि चहा प्यायला बसलो. 'झालं आता' असं आतून वाटतं ना, तेवढंच या माणसांना वाटत नाही. हात स्वच्छ दिसत असतात, मन म्हणतं, "पण खात्री आहे का?" एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच डॉक्टर या आजाराला 'संशयाचं वेड' म्हणत. मला ते नाव फार पटतं.

म्हणून टापटिपीची आवड आणि हा आजार यांची गल्लत करू नये. आवडीत सुख असतं. इथे सुख औषधालाही नसतं. डॉक्टर मंडळी एक साधी कसोटी लावतात: हे विचार आणि या कृती दिवसाचा तासाहून अधिक वेळ खातात का, किंवा त्यापायी माणसाला अतोनात त्रास होतो का, नोकरी-संसार अडतो का? पुष्कळदा सुरुवात लहानपणी किंवा ऐन तारुण्यात होते. शाळेत मी अशी मुलं पाहिली आहेत. एकच ओळ लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची, शेवटी कागद फाटायचा. पेपरात तीन प्रश्न सुटायचे, पण अक्षर मात्र मोत्यासारखं.

धुणं आणि तपासणं निदान दिसतं तरी. याचा एक प्रकार अजिबात दिसत नाही आणि तो सगळ्यांत क्रूर आहे. देवापुढे हात जोडले की मनात देवाबद्दलच अभद्र विचार येतो. तान्ह्या बाळाला पाजताना आईच्या मनात येतं, "माझ्याच हातून याला काही झालं तर?" सुरी बघितली की धस्स होतं. अशी बाई कुणाला सांगणार? तिला वाटतं, आपण राक्षसीण आहोत. खरं तर असे वेडेवाकडे विचार सगळ्यांच्याच मनात कधी ना कधी चमकून जातात. आपण ते सोडून देतो. तिला ते सुटत नाहीत, कारण तिला त्यांची किळस येते, भीती वाटते. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ते हेच. तिच्या हातून ते घडावं अशी तिची इच्छा मुळीच नसते. एवढं जरी तिला कुणी सांगितलं तरी ती डॉक्टरांपर्यंत जाईल.

याच कुटुंबातले आणखी काही आजार आहेत. जुनी वर्तमानपत्रं, पिशव्या, डबे साठवून साठवून दहा बाय बाराच्या खोलीत चालायला जागा न ठेवणं, डोक्याचे केस उपटत राहणं, आपल्या चेहऱ्यात काहीतरी भयंकर व्यंग आहे असं वाटून सारखं आरशात बघणं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ सालच्या आपल्या निदान-ग्रंथात हे सगळे एका प्रकरणात आणले.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. काकूंचा नातू आता चाळिशीचा आहे. परळला राहतो, अंधेरीला नोकरी करतो. हा आजार घराण्यात उतरू शकतो, तसा त्याच्याकडे उतरला, पण वेगळं रूप घेऊन. गॅस बंद केला की नाही, हा त्याचा प्रश्न. दादरला गाडीत चढायचा, बांद्र्याला उतरून परत यायचा. नंतर फोन आले, तेव्हा बांद्र्याहून बायकोला फोन. "गॅस बंद आहे ना गं?" ती बिचारी उठून बघायची आणि सांगायची, "बंद आहे हो." मग अंधेरीहून पुन्हा. तिला वाटायचं, एवढंसं उत्तर दिल्याने नवऱ्याला बरं वाटतंय, तर द्यावं. आपल्यालाही तसंच वाटलं असतं.

पण गजकर्ण खाजवल्यासारखं आहे हे. खाजवलं की क्षणभर बरं वाटतं, आणि गजकर्ण पसरतं. प्रत्येक वेळी 'बंद आहे' ऐकलं की मन शिकतं, की विचारल्याशिवाय सुटका नाही. काकांनी गॅलरीत उभं राहणं, मुलांनी वीस वेळा 'नाही गं आई' म्हणणं, हे सगळं मायेपोटीच होतं. त्या मायेवर काकूंचा आजार पोसला गेला.

नातवाच्या उपचारात दोन गोष्टी होत्या. एक गोळ्या. त्यांचा गुण यायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात, म्हणून पंधरा दिवसांत कंटाळून सोडायच्या नसतात. दुसरी, सराव. ही पद्धत व्हिक्टर मायर या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली लंडनमध्ये मांडली: ज्याची भीती वाटते त्याला सामोरं जायचं, आणि नेहमीची कृती करायची नाही. नातवाने गॅस एकदाच बंद करायचा, निघायचं, फोन करायचा नाही. पहिल्या दिवशी अंधेरीपर्यंत घामाने शर्ट भिजला. पण काही न करताही भीती आपोआप उतरते, हे त्याला स्वतःच्या अंगावर कळलं. काही दिवसांनी धडधड माहीमपर्यंतच टिकायला लागली. आणि बायकोने काय म्हणायचं तेही दोघांनी डॉक्टरांसमोर ठरवलं होतं: "हा प्रश्न तुम्ही नाही विचारत, आजार विचारतोय. त्याला मी उत्तर देणार नाही. तुम्ही लवकर घरी या, वाट बघते."

मला हे वाक्य फार आवडलं. यात कठोरपणा आहे, पण तुसडेपणा नाही. घरच्यांनी थांबवावं असं मी म्हणत होते ते हेच, सारखं उत्तर देत राहणं. मात्र उद्या सकाळी उठून एकदम नळ बंद करू नका किंवा साबण लपवू नका. त्याने माणूस सैरभैर होतो. रोग्याशी बोलून, डॉक्टरांच्या सल्ल्याने, एकेक पायरीने.

काही जण म्हणतील, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं. नामस्मरण करावं, मन घट्ट करावं." नामस्मरण जरूर करावं, मीही करते. पण या आजारात जपही अडकतो. एक मणी चुकला असं वाटलं की माळ पहिल्यापासून. आणि आमच्या वेळी नव्हतं म्हणावं, तर मंत्रचळ हा शब्द आला कुठून?

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली जे राष्ट्रीय सर्वेक्षण केलं, त्यात प्रौढांमध्ये हजारी सात-आठ जणांना हा आजार आढळला. गणपतीत लालबागच्या रांगेकडे एकदा या नजरेने बघा. त्या हिशेबाने प्रत्येक हजारात सात-आठ जण मनातल्या मनात काहीतरी मोजत, तपासत, धूत उभे असतील. त्यातले किती जण घरी बोलले असतील?

आपल्या भागातल्यांना लांब जायला नको. परळच्या केईएममध्ये मानसोपचार विभाग आहे. घरून निघायचंही धैर्य नसेल तर सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा आहे, २०२२ साली सुरू झालेली. क्रमांक १४४१६. सगळेच पूर्ण बरे होतात असं नाही. नातवालाही परीक्षेसारख्या ताणाच्या दिवसांत, म्हणजे मुलाच्या दहावीत, पुन्हा थोडं डोकं वर काढल्याचं जाणवलं. पण आता तो ते ओळखतो आणि गाडीतून उतरत नाही.

काकूंच्या वाट्याला हे आलं नाही. त्यांचं सोवळं कडक होतं असंच चाळीत आजही बोललं जातं. तुमच्या घरात, नात्यात असं कुणी 'कडक' असेल, तर त्यांचे हात एकदा जवळून बघा. आणि त्यांच्याशी बोला.