खात्यापित्या घरची मुलगी

'मुलगी खात्यापित्या घरची दिसते हो!' पूर्वी लग्नाच्या बैठकीत असे कोणी म्हटले की मुलीच्या आईला बरे वाटत असे. माहेरी आलेली लेक वाळलेली दिसली तर आजी हळूच सासरची चौकशी करी. आज तेच वाक्य टोमणा म्हणून उच्चारले जाते आणि ते ऐकून पंधरा-सोळा वर्षांची मुलगी ताटातली पोळी परत ठेवते. हा बदल कसा घडला?

हजारो मैलांवरच्या फिजी बेटांवरील एक अनुभव येथे उपयोगी पडेल. तेथील मूळ फिजी समाजात भरलेले, दणकट शरीर चांगले मानले जाई. घरच्यांनी या व्यक्तीची नीट काळजी घेतली आहे, असा त्याचा अर्थ होता. कोणी बारीक झाले तर ती घरच्यांची हेळसांड समजली जाई. आल्यागेल्याला आग्रहाने जेवायला घालण्याची रीत तर अगदी आपल्यासारखीच.

१९९५ मध्ये तेथील नांद्रोंगा प्रांतात टीव्ही आला. पडद्यावर परदेशी मालिका दिसू लागल्या आणि त्यांतल्या सडपातळ नायिकाही. अमेरिकेतील हार्वर्डच्या मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅन बेकर यांनी टीव्ही येऊन काही आठवडेच झाले असताना तेथील शाळकरी मुलींची पाहणी केली. १९९८ मध्ये त्यांनी दुसऱ्या मुलींना तेच प्रश्न विचारले. खाण्याविषयीच्या विकृत वृत्तीची लक्षणे पहिल्या वेळी १२.७ टक्के मुलींत आढळली होती, ती तीन वर्षांनंतर २९.२ टक्के मुलींत दिसली. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी मुलगी १९९५ मध्ये एकही नव्हती. १९९८ मध्ये अशा मुली ११.३ टक्के होत्या. आपण फार जाड आहोत असे कधी ना कधी वाटते, असे शंभरातल्या ७४ जणींनी सांगितले. त्या नायिकांसारखे दिसलो तर चांगली नोकरी मिळेल, असेही काहींना वाटत होते.

या पाहणीतल्या मुलींची संख्या थोडी होती. त्या काळात तेथील जीवन इतर बाजूंनीही बदलत होते. त्यामुळे सारा दोष टीव्हीच्या माथी मारता येणार नाही. पण आई-आजीने पिढ्यान्‌पिढ्या जे चांगले मानले, त्याचीच मुलींना थोड्या वर्षांत लाज वाटू लागली, हे विचार करायला लावणारे आहे.

आपल्याकडेही त्याच दशकात खाजगी वाहिन्या घरोघर पोहोचल्या. १९९४ मध्ये सुष्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांनी विश्वसुंदरी व जगत्सुंदरीचे मुकुट जिंकले, त्याचा सर्वांनाच अभिमान वाटला. आता तर मुलीच्या हातातल्या मोबाइलवर दिवसभर अशाच आकृत्या सरकत असतात. ते छायाचित्र प्रकाशयोजना, रंगभूषा आणि संगणकावरील दुरुस्ती यांतून तयार झालेले असते, हे तिला कोणी सांगत नाही. फ्रान्समध्ये मात्र २०१७ पासून जाहिरातीतील मॉडेलची शरीरयष्टी संगणकावर बदलली असल्यास तशी सूचना छापणे सक्तीचे आहे.

कायदा होईल तेव्हा होईल, घरात पुष्कळ काही करता येते. टीव्ही पाहताना आईने मुलीशी या चित्रांविषयी बोलावे. स्वतः आरशासमोर उभे राहून 'किती सुटलेय मी!' असे रोज म्हणू नये, कारण लेक ते ऐकत असते. काका-मामांनी थट्टेत ठेवलेली 'ढोली', 'काडी' ही नावे वडिलांनी वेळीच बंद करावीत. वाढत्या वयात लोह, कॅल्शियम आणि प्रथिने यांची गरज मोठी असते. उपाशी राहिल्याने थकवा येतो, एकाग्रता कमी होते आणि पाळीही अनियमित होऊ शकते.

मुलगी जेवण टाळू लागली, जेवल्याबरोबर न्हाणीघरात जाऊ लागली, सणासमारंभाला यायला नकार देऊ लागली, तर 'हल्लीची फॅडं' म्हणून तिकडे दुर्लक्ष करू नये. तिला रागावूही नये. वेळ न दवडता डॉक्टरांचा आणि मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

आणि एक साधा नियम प्रत्येक घराने पाळावा. मुलगी ताटावर बसली असताना तिच्या वजनाचा विषय कोणी काढू नये.