भ्रमणध्वनी, कर्करोग आणि साक्षीची पारख

भ्रमणध्वनीच्या लहरींमुळे मेंदूचा कर्करोग होतो असे मानणाऱ्या पक्षाची सारी भिस्त दोन दाखल्यांवर असते. एक, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेने 2011 साली या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा 2ब वर्गात घातले. दुसरा, 2010 साली प्रसिद्ध झालेल्या तेरा देशांच्या ‘इंटरफोन’ पाहणीत, आयुष्यात 1,640 तास वा अधिक बोलल्याचे सांगणाऱ्यांत ग्लायोमा या मेंदूच्या गाठीचे सापेक्ष प्रमाण (न वापरणाऱ्यांच्या तुलनेत; 1 म्हणजे सारखेच) 1.40 निघाले. दोन्ही दाखले खरे आहेत. त्यांवर उभारलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही.

2ब हा वर्ग पुराव्याची मर्यादा सांगतो, धोक्याचे परिमाण नव्हे. आणि ज्या इंटरफोनमधून 1.40 उचलायचे, तिच्यातच नेमाने फोन वापरणाऱ्यांचे एकंदर प्रमाण 0.81 आहे, तेव्हा पहिल्या आकड्यावरून फोनला आरोपी ठरवणाऱ्याने दुसऱ्यावरून त्याला मेंदूचा रक्षकही मानले पाहिजे. वस्तुतः दोन्ही आकड्यांना संशयास्पद करणारा दोष साक्ष घेण्याच्या रीतीतच आहे. गाठ निघालेला रुग्ण कारण शोधता शोधता आपले बोलणे वाढवून सांगू शकतो (दिवसाला पाच तासांहून अधिक बोलल्याच्या जबान्याही त्या दप्तरी आहेत), तर फोन न वापरणारे निरोगी लोक मुलाखतीलाच कमी येतात, आणि तुलनेचा काटा दोन्हीकडून कलतो.

प्रतिपक्षानेही निर्धास्त राहू नये. डेन्मार्कच्या सुमारे 4,20,000 वर्गणीदारांची पाहणी फोन निर्दोष असल्याचा बिनतोड पुरावा म्हणून पुढे केली जाते. पण तीत कंपनीच्या नावावरचा फोन वापरणारे लोक ‘न वापरणाऱ्यां’त मोडले गेले होते.

मग ग्राह्य साक्ष कोणती? रोग होण्यापूर्वी घेतलेली. ब्रिटनमधील 7,76,156 स्त्रियांना आधी सवयी विचारून वर्षानुवर्षे त्यांचा मागोवा घेतला, तेव्हा रोज फोन वापरणाऱ्यांत गाठी अधिक आढळल्या नाहीत. त्यांतल्या थोड्याच आठवड्याला अर्धा तास वा अधिक बोलत होत्या, हा आक्षेप रास्त आहे. परंतु 2024 साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॉसमॉस’ या पाच देशांच्या पाहणीने, अडीच लाखांहून अधिक लोकांच्या सांगण्याला फोन कंपन्यांच्या नोंदींची जोड देऊन, सर्वाधिक बोलणाऱ्यांतही ग्लायोमाची वाढ आढळत नसल्याचे दाखविले आहे. म्हणून आमचे प्रतिपादन एवढेच, की मोठ्या धोक्याचा दावा आज फेटाळण्यास पात्र आहे. बालपणापासून अनेक दशके होणाऱ्या वापराचा प्रश्न मात्र खुला ठेवावा, आणि त्याचा निवाडाही अशाच आगाऊ नोंदविलेल्या पुराव्यावर व्हावा.